मुहम्मदझाई (हश्तनगर)

मुहम्मदझाई (पर्यायी लेखन: मोहम्मदझाई, महम्मदझई) ही पश्तून समाजातील सरबनी शाखेची एक जमात आहे. पाकिस्तानच्या खैबर पख्तूनख्वा प्रांतातील चारसद्दा जिल्ह्यात, स्वात नदीच्या डाव्या तीरावर वसलेला हश्तनगर हा प्रदेश तिची मायभूमी मानला जातो. खुदाई खिदमतगार चळवळीचे संस्थापक खान अब्दुल गफार खान आणि त्यांचे थोरले बंधू डॉ. खानसाहेब याच जमातीचे होते. ब्रिटिश सरकारने १९३४ मध्ये या दोघांना त्यांच्या प्रांतात परतण्यास मनाई केली, तेव्हा त्यांनी महाराष्ट्रातील वर्धा येथे आश्रय घेतला. त्यामुळे भारतीय स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात हश्तनगर आणि वर्धा जिल्हा ही दोन नावे एकत्र येतात.

अफगाणिस्तानच्या राजघराण्याचे कूळही 'मुहम्मदझाई' याच नावाने ओळखले जाते. मात्र ते बारकझाई जमातीतील असून हश्तनगरच्या मुहम्मदझाईंपेक्षा वेगळे आहे.

नाव

पश्तो भाषेत 'झाई' हा प्रत्यय 'पुत्र' या अर्थाच्या शब्दापासून आला असून कुळाच्या नावात त्याचा अर्थ 'वंशज' असा होतो. मुहम्मदझाई म्हणजे मुहम्मद नावाच्या पूर्वजाचे वंशज. हा मुहम्मद जमातीच्या परंपरेतील मूळपुरुष होय. इस्लामच्या प्रेषितांशी या नावाचा वंशदृष्ट्या संबंध नाही. युसुफझाई, उत्मानझाई, उमरझाई ही नावेही याच पद्धतीने तयार झाली आहेत. यांपैकी काही नावे जमातींची, काही उपशाखांची, तर काही त्या उपशाखांनी वसवलेल्या गावांची आहेत. त्यामुळे एकच शब्द कधी माणसांचा समूह, तर कधी गाव दर्शवतो.

मराठीत रूढ असलेला 'पठाण' हा शब्द पश्तून लोकांच्या स्वतःच्या नावाच्या अनेकवचनी रूपावरून हिंदुस्थानी भाषांत आला. चारसद्दा आणि पेशावर भागातील उच्चारात 'पश्तून'ऐवजी 'पख्तून' असे म्हटले जाते.

वंशावळ

पश्तून परंपरेनुसार सर्व पश्तून जमाती कैस अब्दुर्रशीद या एका मूळपुरुषापासून निघाल्या. त्याला सरबन, बेतन (बतन) आणि घरघश्त असे तीन पुत्र होते. कर्लान हा चौथा पूर्वज दत्तक घेतलेला मानला जातो. मुहम्मदझाई सरबनच्या शाखेत येतात. परंपरेतील त्यांचा वंशक्रम असा आहे:

कैस अब्दुर्रशीद – सरबन – खर्शबून – जमंद – मुहम्मद

खर्शबूनला कंद, जमंद आणि कासी असे तीन पुत्र होते. कंदच्या वंशातून युसुफझाई, मंदण, गिगयानी आणि तरकलानी, तसेच खलील, मोहमंद आणि दाउदझाई या जमाती निघाल्या. जमंदच्या वंशात मुहम्मदझाईंबरोबर खेशगी ही प्रसिद्ध शाखा येते. खेशगींपैकी अनेक कुटुंबे पुढे पंजाबातील कसूर आणि उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे स्थायिक झाली. वंशाच्या हिशेबाने मुहम्मदझाई हे युसुफझाईंचे चुलत घराणे ठरते आणि खेशगी हे त्यांचे सख्खे भाऊबंद ठरतात.

अफगाण राजघराण्याशी असलेला फरक सरबनच्या पुढच्याच पिढीत स्पष्ट होतो. सरबनला खर्शबून आणि शर्खबून असे दोन पुत्र मानले जातात. हश्तनगरचे मुहम्मदझाई खर्शबूनचे वंशज आहेत. शर्खबूनच्या शाखेत तरीन, त्याच्यापासून अब्दाल आणि अब्दालच्या वंशात बारकझाई येतात. बारकझाईंमधील मुहम्मदझाई कुळातील दोस्त मुहम्मद खान १८२६ मध्ये काबूलच्या सत्तेवर आला आणि १९७८ पर्यंत, अल्प खंड वगळता, अफगाणिस्तानची सत्ता याच कुळाकडे राहिली. दोन्ही समूहांचे नाव एकच असले, तरी त्यांना जोडणारा समान पूर्वज शोधण्यासाठी थेट सरबनपर्यंत मागे जावे लागते.

वंशावळीचा आधार

या वंशावळीचा सर्वांत प्रभावी लिखित आधार म्हणजे नियामतुल्ला हरवी याने फारसीत लिहिलेला 'तारीख-ए-खान जहानी व मख्जन-ए-अफगानी' हा ग्रंथ. नियामतुल्ला मुघल सरदार खान जहान लोदीच्या सेवेत होता आणि दख्खनच्या मोहिमेत त्याच्याबरोबर आला होता. ग्रंथाचा आरंभ १६१२ मध्ये वऱ्हाडातील मलकापूर (सध्याचा बुलढाणा जिल्हा) येथे झाला आणि १६१३ मध्ये तो बुऱ्हाणपूर येथे पूर्ण झाला. ग्रंथासाठी अफगाण जमातींची माहिती गोळा करण्यात समाना येथील हैबत खान काकर याचे साहाय्य होते. बर्नहार्ड डॉर्न याने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८२९ ते १८३६ या काळात प्रसिद्ध झाले. अशा रीतीने खैबरजवळच्या जमातींची वंशगाथा ज्या ग्रंथामुळे जगापुढे आली, त्याचे लेखन विदर्भाच्या भूमीवर सुरू झाले.

या वंशावळीकडे इतिहासकार शब्दशः सत्य म्हणून पाहत नाहीत. कैस अब्दुर्रशीदचा काळ आणि ग्रंथाचे लेखन यांमध्ये सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. पश्तूनांचे मूळ राजा सौलच्या वंशाशी जोडणारा भागही आख्यायिकेच्या स्वरूपाचा आहे. तरीही वंशावळीचे सामाजिक महत्त्व कमी होत नाही. कोण कोणाचा जवळचा भाऊबंद, युद्धात कोणी कोणाच्या बाजूने उभे राहायचे आणि जिंकलेल्या जमिनीत कोणाचा वाटा किती, हे प्रश्न याच नात्यांच्या आधारे सोडवले जात.

मायभूमी: हश्तनगर

हश्तनगर म्हणजे 'आठ नगरे'. त्यातील 'हश्त' हा शब्द फारसी, तर 'नगर' संस्कृतोद्भव आहे. स्थानिक पश्तो उच्चार 'अश्नघर' असा होतो. मुहम्मदझाईंची आठ गावे पुढीलप्रमाणे:

प्रांग
चारसद्दा
रज्जर
उत्मानझाई
तुरंगझाई
उमरझाई
शेरपाव
तंगी

दक्षिणेकडील प्रांगपासून उत्तरेकडील तंगीपर्यंत ही गावे नदीकाठच्या पट्ट्यात एका ओळीत वसली आहेत. पश्चिमेला स्वात नदी आणि तिच्यापलीकडे गिगयानींचा दोआबा, दक्षिणेला काबूल नदी, पूर्वेला मर्दानकडील युसुफझाई मैदान आणि उत्तरेला डोंगराळ टापू अशा या प्रदेशाच्या सीमा आहेत. चारसद्दा हे पेशावरपासून सुमारे ३० किलोमीटर ईशान्येस आहे. मराठ्यांच्या इतिहासामुळे परिचित असलेल्या अटकेच्या संदर्भात सांगायचे झाल्यास, हा प्रदेश सिंधू नदीच्या पलीकडे, अटकेच्या वायव्येस येतो.

नदीकाठची जमीन सुपीक असून ऊस, तंबाखू, गहू आणि मका ही येथील प्रमुख पिके आहेत. उसापासून गूळ करण्याचा व्यवसाय जुना आहे. पूर्वेकडील उंचवट्याची जमीन पूर्वी कोरडवाहू होती. १८८५ मध्ये सुरू झालेल्या लोअर स्वात कालव्याने तिचा बराच भाग ओलिताखाली आणला. हातमागाचे जाडेभरडे खद्दर आणि चामड्याच्या चपला यांसाठीही चारसद्दा परिसर ओळखला जातो.

मुहम्मदझाई येण्याच्या फार पूर्वी या भूमीवर गांधार राज्याची पुष्कलावती ही राजधानी होती. रामायणाच्या उत्तरकांडातील कथेनुसार भरताने आपला पुत्र पुष्कल याच्यासाठी हे नगर वसवले. ग्रीक लेखक त्याला 'प्युकेलाओटिस' म्हणतात, इ.स.पू. ३२७ मध्ये अलेक्झांडरच्या सेनापतींनी त्याला वेढा घातला होता. अलेक्झांडर कनिंगहॅम याने पुष्कलावतीचे स्थान हश्तनगर परिसरात निश्चित केले. चारसद्द्याजवळील बाला हिसार या टेकाडावर मॉर्टिमर व्हीलर याने १९५८ मध्ये उत्खनन केले.

स्थलांतर

परंपरेनुसार खर्शबूनच्या वंशातील जमातींचे जुने वसतिस्थान कंदहारच्या परिसरात होते. कुरणे आणि पाण्यावरून झालेल्या संघर्षांमुळे त्यांपैकी अनेक जमाती काबूलकडे सरकल्या. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात काबूलवर तैमूरी राजपुत्र उलुघ बेग (बाबराचा चुलता) राज्य करत होता. आरंभी युसुफझाई त्याचे सहकारी होते. नंतर वितुष्ट आले आणि त्याने त्यांच्या अनेक प्रमुखांची कत्तल केली. वाचलेले लोक मलिक अहमद याच्या नेतृत्वाखाली नंगरहारमार्गे पेशावरच्या खोऱ्यात आले.

या खोऱ्यात तेव्हा दिलझाक जमातीचे वर्चस्व होते. दिलझाकांनी नवागतांना राहण्यास जागा दिली, परंतु लवकरच दोघांत युद्ध पेटले. युसुफझाई, गिगयानी आणि मुहम्मदझाई यांनी एकत्र येऊन दिलझाकांना मागे रेटले. विजयानंतरच्या वाटणीत गिगयानींना दोआबा, मुहम्मदझाईंना हश्तनगर आणि युसुफझाईंना त्यापुढील मैदानी व डोंगरी प्रदेश मिळाला. सोळाव्या शतकात झालेली ही विभागणी स्थूलमानाने आजही कायम आहे. त्यानंतर आलेल्या खलील, मोहमंद आणि दाउदझाई या जमाती पेशावर शहराभोवती स्थिरावल्या.

पुढील शतकांत हश्तनगर अनुक्रमे मुघल, दुर्रानी आणि शीख सत्तांच्या अमलाखाली आले. १८२३ मधील नौशेराच्या लढाईनंतर खोऱ्यावर शिखांचा प्रभाव वाढला, १८३४ मध्ये पेशावर शीख राज्यात विलीन झाले आणि १८४९ मध्ये पंजाबसह हा प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. त्यापूर्वी, १८०९ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ब्रिटिश वकील म्हणून पेशावरला गेला होता. तो १८०४ ते १८०८ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट होता आणि पुढे पुण्याचा रेसिडेंट झाला. काबूल राज्याविषयीचा त्याचा ग्रंथ १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्तून जमातींविषयीचे ते पहिले विस्तृत इंग्रजी वर्णन मानले जाते.

समाजरचना

मुहम्मदझाईंच्या समाजरचनेत वंश आणि जमीन यांची सांगड होती. जिंकलेली भूमी आधी उपशाखांत, मग गावांत आणि गावातील 'कंदी' म्हणजे वस्त्यांत विभागली जाई. जमिनीतील वंशपरंपरागत वाट्याला 'दफ्तर' म्हणत. ज्याचा दफ्तरात हिस्सा असे, त्यालाच जिर्ग्यात, म्हणजे जमातीच्या पंचायतीत, बोलण्याचा अधिकार होता. कुळे, कारागीर आणि बाहेरून आलेले आश्रित यांना तो नव्हता. पुरुषांची बैठक, पाहुण्यांचा मुक्काम आणि वादांची चर्चा 'हुजरा' या सामाईक जागेत होई. ब्रिटिश जमीन-बंदोबस्तानंतर वाटे वैयक्तिक मालकीच्या स्वरूपात नोंदले गेले आणि मोठ्या खानांच्या हाती जमिनीचे केंद्रीकरण वाढले.

वंशाधारित वाटणीची दुसरी बाजू म्हणजे वैर. पश्तो भाषेत चुलत भावाला 'तरबूर' म्हणतात आणि 'तरबूरवली' या शब्दाने चुलत घराण्यांतील स्पर्धा व शत्रुत्व दर्शवले जाते. मराठीतील 'भाऊबंदकी' हा शब्द त्याच्या अगदी जवळचा आहे. आजोबांच्या जमिनीत दोघांचाही हक्क असल्याने चुलत भाऊ हा संकटातला पहिला साथीदार आणि बांधावरचा पहिला प्रतिस्पर्धी असे. 'पश्तूनवली' या अलिखित आचारसंहितेत पाहुणचार (मेलमस्तिया) आणि शरण आलेल्यास अभय (ननवते) यांच्याबरोबर सूड (बदल) हेही कर्तव्य मानले गेल्याने एका खुनाचे वैर अनेक पिढ्या चालत राही.

खुदाई खिदमतगार चळवळ

खान अब्दुल गफार खान यांचा जन्म १८९० मध्ये उत्मानझाई येथे झाला. त्यांचे वडील बेहराम खान हे गावातील जमीनदार होते. वडिलांनी आपल्या वैऱ्यांना क्षमा करून सुडाची परंपरा थांबवली होती, असे गफार खान यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. १९१० मध्ये त्यांनी उत्मानझाईत शाळा सुरू केली. शिक्षणाच्या कामात शेजारच्या तुरंगझाई गावचे हाजीसाहेब (फजल वाहिद) त्यांच्याबरोबर होते. १९१५ मध्ये हाजीसाहेब मोहमंद टापूत गेले आणि त्यांनी ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र लढा दिला. गफार खान यांनी नि:शस्त्र मार्ग निवडला. शेजारच्या दोन गावांतून एकाच सत्तेविरुद्ध असे दोन भिन्न मार्ग निघाले.

१९२९ मध्ये स्थापन झालेल्या खुदाई खिदमतगार संघटनेच्या शपथेत हिंसा व सूड यांचा त्याग, भांडणतंट्यांपासून दूर राहणे, अत्याचार करणाऱ्यास क्षमा करणे आणि रोज किमान दोन तास समाजकार्य करणे यांचा समावेश होता. विटकरी लाल रंगाच्या गणवेशामुळे हे स्वयंसेवक 'लाल डगलेवाले' म्हणून ओळखले गेले. जमातीच्या समाजरचनेच्या दृष्टीने या शपथेचे महत्त्व मोठे होते. सूड हा वंशाचा धर्म समजणाऱ्या समाजात ती स्वयंसेवकाला चुलत्याशी असलेले वैर सोडण्यास सांगत होती आणि दफ्तरात वाटा नसलेल्या कुळाला व कारागिराला जमीनदाराच्या बरोबरीने रांगेत उभे करत होती. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात नि:शस्त्र जमावावर गोळीबार झाला, तरी चळवळीने अहिंसेचा मार्ग सोडला नाही.

वर्धा जिल्ह्याशी संबंध

डिसेंबर १९३१ मध्ये गफार खान आणि डॉ. खानसाहेब यांना अटक झाली. ऑगस्ट १९३४ मध्ये हजारीबाग तुरुंगातून त्यांची सुटका झाली, परंतु पंजाब आणि वायव्य सरहद्द प्रांतात प्रवेश करण्यास त्यांना मनाई करण्यात आली. तेव्हा जमनालाल बजाज यांच्या निमंत्रणावरून दोघे बंधू वर्ध्यास आले. महात्मा गांधींचा मुक्कामही त्या काळात वर्ध्यात होता. गफार खान यांची मुलेही काही काळ वर्ध्यात राहिली.

या वास्तव्यातील संभाषणांच्या आधारे महादेव देसाई यांनी 'टू सर्व्हंट्स ऑफ गॉड' हे दोघा बंधूंचे चरित्रपर पुस्तक लिहिले. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्मानझाई गाव, बेहराम खान यांचे घराणे आणि सरहद्दीवरील चळवळ यांची जवळून ओळख भारतातील वाचकांना करून देणाऱ्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. ऑक्टोबर १९३४ मधील काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाचे अध्यक्षपद गफार खान यांना देऊ करण्यात आले होते. ते त्यांनी नाकारले. त्याच सुमारास मुंबईत केलेल्या भाषणाबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला आणि ७ डिसेंबर १९३४ रोजी त्यांना वर्ध्यात अटक झाली. मुंबईतील न्यायालयाने त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली.

ऑगस्ट १९३६ मध्ये सुटका झाल्यावरही प्रांतबंदी कायम असल्याने ते पुन्हा वर्ध्याकडे वळले. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळील शेगाव येथे राहावयास आले होते. १९४० मध्ये या गावाचे 'सेवाग्राम' असे नामकरण झाले. तेथील 'आदी निवास' या पहिल्या वास्तूत गांधीजी, कस्तुरबा आणि इतर सहकाऱ्यांसमवेत गफार खान यांचेही वास्तव्य होते. ही वास्तू सेवाग्राम आश्रमात आजही जतन केलेली आहे. १९३७ मध्ये प्रांतबंदी उठल्यानंतर ते उत्मानझाईस परतले. ऑक्टोबर १९३८ मध्ये सरहद्द प्रांताच्या दौऱ्यात गांधीजी उत्मानझाई येथे गफार खान यांच्याकडे मुक्कामास होते. या दौऱ्याचा वृत्तांत प्यारेलाल यांच्या 'अ पिल्ग्रिमेज फॉर पीस' या पुस्तकात आहे.

मुहम्मदझाईंचा वर्ध्याशी असलेला संबंध एका कुटुंबाच्या सक्तीच्या परागंदेपणातून निर्माण झाला. पूर्वीच्या शतकांत दख्खनमध्ये आलेल्या पठाण सैनिकांच्या वसाहतींशी त्याचे साम्य नाही. ज्या जमातीत माणसाचा मान त्याच्या भूमीतील वाट्यावर ठरे, त्या जमातीच्या नेत्याने भूमी दुरावलेल्या काळात वर्ध्याला घर मानले. गफार खान यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र 'अब्दुल गफार खान: फेथ इज अ बॅटल' (१९६७) हेही मराठी लेखक डी. जी. तेंडुलकर यांनी लिहिले आहे.

फाळणीनंतर

जुलै १९४७ मधील सरहद्द प्रांताच्या सार्वमतात भारत किंवा पाकिस्तान एवढेच पर्याय असल्याने खुदाई खिदमतगारांनी त्यावर बहिष्कार टाकला. प्रांत पाकिस्तानात गेला आणि २२ ऑगस्ट १९४७ रोजी डॉ. खानसाहेबांचे मंत्रिमंडळ बरखास्त करण्यात आले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळील बाबडा येथे खुदाई खिदमतगारांच्या जमावावर गोळीबार झाला. सरकारी आकडेवारीत मृतांची संख्या अल्प दाखवली गेली, तर चळवळीच्या मते शेकडो लोक मारले गेले. १९७० च्या दशकात हश्तनगर हे कुळे आणि जमीनदार यांच्यातील संघर्षाचे मोठे केंद्र बनले.

चारसद्दा पूर्वी पेशावर जिल्ह्याचा तालुका होता. १९८८ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. गफार खान यांचे निधन त्याच वर्षी २० जानेवारी रोजी पेशावर येथे झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दफन हश्तनगरात न करता अफगाणिस्तानातील जलालाबाद येथे करण्यात आले. चारसद्दा येथील बाचा खान विद्यापीठ त्यांच्या नावाने २०१२ मध्ये स्थापन झाले. २० जानेवारी २०१६ रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी, या विद्यापीठावर दहशतवादी हल्ला झाला.

उल्लेखनीय व्यक्ती

खान अब्दुल गफार खान (१८९०–१९८८): खुदाई खिदमतगार चळवळीचे संस्थापक, 'बाचा खान' आणि 'सरहद्द गांधी' या नावांनी प्रसिद्ध, भारतरत्न (१९८७).

डॉ. खानसाहेब (खान अब्दुल जब्बार खान): वायव्य सरहद्द प्रांताचे मुख्यमंत्री, पुढे पश्चिम पाकिस्तानचे पहिले मुख्यमंत्री, १९५८ मध्ये लाहोर येथे हत्या.

गनी खान (१९१४–१९९६): गफार खान यांचे पुत्र, पश्तो कवी, चित्रकार व शिल्पकार, शांतिनिकेतनचे विद्यार्थी. काही काळ उत्तर प्रदेशातील गोला गोकर्णनाथ येथील साखर कारखान्यात नोकरी.

खान अब्दुल वली खान (१९१७–२००६): गफार खान यांचे पुत्र, पाकिस्तानातील विरोधी पक्षनेते.

हयात मुहम्मद खान शेरपाव (१९३७–१९७५): वायव्य सरहद्द प्रांताचे राज्यपाल, पेशावर विद्यापीठातील बॉम्बस्फोटात मृत्यू.

आफताब अहमद खान शेरपाव: वायव्य सरहद्द प्रांताचे माजी मुख्यमंत्री व पाकिस्तानचे माजी गृहमंत्री.